शंभर अंशांवरचे लायपेज: पाण्याच्या तुटवड्यात विकर कसे वागते

जून १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ॲलेक्स झाक्स आणि अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांचा अवघ्या तीन पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डुकराच्या स्वादुपिंडातून मिळणाऱ्या लायपेज या चरबी तोडणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कोरडी भुकटी त्यांनी ट्रायब्युटिरिन आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकली, ते मिश्रण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि विकर किती वेळ टिकते व काम करते का, हे मोजले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांनुसार या प्रयोगातून काहीच हाती लागायला नको होते. उष्णतेने विकराची घडी मोडते आणि सेंद्रिय द्रावकानेही ती मोडते, असे विद्यार्थ्यांना दोन स्वतंत्र नियम म्हणून शिकवले जाई. इथे तर दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. प्रत्यक्षात ते लायपेज तासन् तास टिकले आणि त्या तापमानाला जोमाने कामही करत राहिले.

सेंद्रिय द्रावकातील विकरांच्या वर्तनाचे जवळजवळ सगळे कळीचे प्रश्न या एका प्रयोगात बीजरूपाने आढळतात, म्हणून या लेखात तो तपशिलाने पाहिला आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इतर विकरांवर झालेले काम जिथे या प्रकरणावर प्रकाश टाकते, तिथे त्याचाही आधार घेतला आहे.

प्रयोगाची मांडणी आणि निरीक्षणे

ट्रायब्युटिरिन म्हणजे ग्लिसरॉल आणि ब्युटिरिक आम्ल यांच्या जोडणीतून बनलेले एस्टर, म्हणजेच एक साधी चरबी. पाण्यात लायपेज तिचे जलविच्छेदन करते आणि ब्युटिरिक आम्ल मोकळे होते. या प्रयोगात पाण्याची जागा हेप्टेनॉलसारख्या अल्कोहोलने घेतली होती, त्यामुळे ब्युटिरिक गट ग्लिसरॉलवरून सुटून अल्कोहोलवर जाणार होता. या अदलाबदलीला ट्रान्सएस्टरीकरण म्हणतात. ट्रायब्युटिरिन हाच इथे सबस्ट्रेट, म्हणजे विकर ज्यावर काम करते तो पदार्थ, होता आणि तोच माध्यमही होता, त्यामुळे ‘द्रावक’ हा शब्द या प्रयोगापुरता थोडा सैल अर्थाने घ्यावा लागतो. दोन्ही द्रवांचे उत्कलनबिंदू १०० अंशांच्या बरेच वर असल्याने प्रयोगासाठी दाबपात्राचीही गरज नव्हती.

मिश्रणात सुमारे एक टक्का पाणी असताना अभिक्रिया व्यवस्थित चालत होती, पण विकर उष्णतेपुढे टिकत नव्हते. पाण्याचे प्रमाण ०.८ टक्का असताना १०० अंशांवर त्याची निम्मी क्षमता दहा-पंधरा मिनिटांत नाहीशी होई. तेच प्रमाण ०.०१५ टक्क्यावर, म्हणजे लिटरभर मिश्रणात सुमारे १५० मिलिग्रॅमवर आणल्यावर अर्धायुकाल १२ तासांच्या पुढे गेला. निव्वळ जलीय द्रावणात मात्र त्याच तापमानाला विकर तत्काळ निकामी झाले. प्रथिन तेच आणि तापमानही तेच असताना केवळ पाण्याचे प्रमाण बदलल्याने क्षणांचे तास झाले होते.

तिसरे निरीक्षण निबंधाच्या सारांशात एका वाक्यात येते आणि पुष्कळदा वाचकाच्या नजरेतून सुटते. ओलसर लायपेज आकाराने अवजड अशा तृतीयक अल्कोहोलांशी अभिक्रिया घडवत होते, पण कोरडे लायपेज त्यांना दादच देत नव्हते. माझ्या मते उष्णतारोधापेक्षा हे निरीक्षण अधिक मोलाचे आहे, कारण वाळलेले विकर आतून कसे बदलते याचा धागा त्यातूनच हाती लागतो. त्याकडे पुढे येऊ.

उष्णतेने नेमके काय बिघडते

पाण्यात तापवलेल्या विकराचा नाश दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात रेणूची त्रिमितीय घडी उलगडते, आणि वेळीच थंड केल्यास ती पुष्कळदा पूर्ववत होते. दुसऱ्या टप्प्यात उलगडलेल्या साखळीवर रासायनिक आघात होतात आणि मग परतीचा मार्ग उरत नाही. टिम अहर्न आणि क्लिबानोव्ह यांनी १९८५ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम १०० अंशांवर तापवून या आघातांचा हिशेब मांडला. ॲस्परजिन या अमिनो आम्लाचा अमाइड गट गळून पडतो, ॲस्पार्टिक आम्लापाशी पेप्टाइड बंध तुटतो, सिस्टिनमधील डायसल्फाइड बंध नष्ट होतात आणि साखळी चुकीच्या आकारात घडी घालून अडकून बसते. यांपैकी कोणता आघात प्रबळ ठरेल हे द्रावणाच्या पीएचवर अवलंबून असते.

या यादीत पाण्याचा हात जवळजवळ सर्वत्र दिसतो. अमाइड गट गळणे आणि पेप्टाइड बंध तुटणे या प्रक्रियांत पाण्याचा रेणू स्वतः भाग घेतो. साखळीला उलगडण्याची आणि चुकीची घडी घालण्याची मोकळीकही पाणीच देते, कारण प्रथिनातील गट एकमेकांशी जे हायड्रोजन बंध बांधतात त्यांच्याशी स्पर्धा करून पाणी ते सैल करते. ऑक्टेन किंवा हेक्झेनसारख्या द्रावकाला हायड्रोजन बंध बांधताच येत नाहीत आणि त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतभारांमधील ओढ माध्यम किती क्षीण करते याचे माप, २ च्या आसपास असतो, तर पाण्याचा ८० च्या जवळ. अशा माध्यमात प्रथिनातील धन व ऋण गट एकमेकांना कितीतरी घट्ट धरून ठेवतात. परिणामी रेणू ताठ होतो. समतोलाच्या हिशेबाने त्याला उलगडणे कदाचित सोयीचे असेलही, पण तिथवर पोहोचण्याइतकी हालचाल त्याला जमत नाही, म्हणून तो आहे त्या घडीत अडकून राहतो. झाक्स आणि क्लिबानोव्ह यांना दिसलेला उष्णतारोध या दोन गोष्टींचा मिळून झालेला परिणाम आहे: नाश घडवणारा रासायनिक भागीदार गैरहजर आहे आणि रेणूचा ताठरपणा वाढला आहे.

हा परिणाम एकट्या लायपेजपुरता नाही. ऑक्टेनमध्ये ठेवलेले कायमोट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर १०० अंशांवर काही तास टिकते, तर पाण्यात ५५ अंशांच्या आसपासच ते काही मिनिटांत संपते.

मग पाणी हवे की नको

इथवरच्या विवेचनावरून पाणी जितके कमी तितके चांगले, असे वाटू शकते. तसे नाही. पूर्ण कोरडे केलेले विकर टिकेल खरे, पण कामही करणार नाही. उत्प्रेरणासाठी क्रियाशील केंद्रातील, म्हणजे विकर जिथे अभिक्रिया घडवते त्या जागेतील, गटांना सूक्ष्म हालचाल करावी लागते आणि त्या हालचालीला लागणारे वंगण म्हणजे प्रथिनाच्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी. ते किती लागते, याचे उत्तर अनपेक्षितरीत्या कमी आले. ऑक्टेनमधील कायमोट्रिप्सिनला काम करायला विकराच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ५० रेणू पुरतात. कायमोट्रिप्सिनचे रेणुवजन २५,००० डाल्टनच्या आसपास आहे, म्हणजे हे पाणी विकराच्या वजनाच्या साडेतीन टक्क्यांइतकेच भरते. पृष्ठभागावर पाण्याचा एक पूर्ण थर द्यायचा तर सुमारे ५०० रेणू लागतील, त्यामुळे इथे पूर्ण थराची बात नाही. विद्युतभारित आणि ध्रुवीय गटांभोवती पाण्याचे मोजके पुंजके असले की भागते. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज किंवा अल्कोहोल ऑक्सिडेज यांसारखी विकरे मात्र इतक्यावर समाधानी नसतात. त्यांना बरेच जास्त पाणी लागते.

विकराला महत्त्वाचे पाणी ते असते जे त्याला चिकटलेले असते. उरलेल्या माध्यमात किती पाणी आहे, याच्याशी त्याचा संबंध अप्रत्यक्ष असतो. ही गोष्ट लक्षात घेतली की द्रावकांच्या तुलनेतील बराचसा गोंधळ दूर होतो. हेक्झेनला पाणी आवडत नाही, म्हणून तो विकराचे पाणी विकरापाशीच राहू देतो. मेथॅनॉल आणि ॲसिटोनायट्राइल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात, म्हणून ते विकरावरचे पाणी ओढून घेतात. गॉर्मन आणि डॉर्डिक यांनी १९९२ मध्ये विकराला किरणोत्सारी ट्रिटियमयुक्त पाणी चिकटवले आणि निरनिराळ्या द्रावकांत त्यातले किती सुटते ते मोजले. हेक्झेनमध्ये दोन टक्क्यांच्या आतच सुटले, तर मेथॅनॉलमध्ये निम्म्याहून अधिक निघून गेले. १९८७ मध्ये लाने आणि सहकाऱ्यांनी द्रावकांची जी ढोबळ विभागणी केली होती, तिच्यामागेही हेच कारण आहे. ऑक्टेनॉल आणि पाणी यांच्यात द्रावक कसा वाटला जातो त्याचा लॉगरिदम, म्हणजे लॉग पी, २ पेक्षा कमी असलेले द्रावक जैव उत्प्रेरणाला वाईट आणि ४ पेक्षा जास्त असलेले चांगले, असे ते वर्गीकरण आहे. पहिल्या निवडीसाठी ते उपयोगी पडते. त्याहून जास्त भार त्याच्यावर टाकू नये.

याच कारणाने ‘माध्यमात इतके टक्के पाणी’ हे मोजमाप फसवे ठरते. हेक्झेनमध्ये पाणी विरघळण्याची मर्यादाच शतांश टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे ०.०१ टक्का पाणी असलेला हेक्झेन पाण्याने जवळपास संपृक्त असतो आणि तेवढेच पाणी असलेले ॲसिटोनायट्राइल विकराच्या दृष्टीने खडखडीत कोरडे असते. स्कॉटलंडमधील पीटर हॉलिंग यांनी टक्केवारीऐवजी जलसक्रियता, म्हणजे शुद्ध पाण्याला १ मानून माध्यमातले पाणी किती मोकळे आहे याचे माप, वापरण्याचा आग्रह धरला, आणि तो रास्त होता. जलसक्रियता समान असेल तर माध्यम कोणतेही असो, विकरावर बसणारे पाणी साधारण सारखेच राहते. प्रयोगशाळेत ती साधण्याची पद्धत अगदी सोपी आहे. विकराची भुकटी आणि द्रावक झाकणबंद डेसिकेटरमध्ये क्षाराच्या संपृक्त द्रावणाशेजारी ठेवून समतोल येऊ द्यायचा. तळाला तो क्षार थोडा न विरघळलेला दिसत राहिला पाहिजे. २५ अंशांवर लिथियम क्लोराइडने जलसक्रियता ०.११ वर, मॅग्नेशियम क्लोराइडने ०.३३ वर आणि साध्या मिठाने ०.७५ वर स्थिरावते.

या दृष्टीने मूळ प्रकरण पुन्हा वाचले तर झाक्स व क्लिबानोव्ह यांच्या ०.८ आणि ०.०१५ या आकड्यांचा अर्थ त्याच माध्यमापुरता मर्यादित आहे, हे ध्यानात येते. ते आकडे जसेच्या तसे उचलून टोल्यूइन किंवा डायऑक्झेनला लावणे चूक ठरेल.

अभिक्रियेची दिशा आणि विकराची निवड

लायपेजच्या क्रियाशील केंद्रात सेरिन, हिस्टिडिन आणि आम्लधर्मी अमिनो आम्ल यांचे त्रिकूट असते. सेरिनचा ऑक्सिजन एस्टरवर हल्ला करतो, आम्लाचा गट विकरालाच तात्पुरता जोडला जातो, आणि मग कोणीतरी येऊन तो गट सोडवून नेतो. पाण्याची संहती लिटरमागे ५५ मोलहून अधिक असल्याने जलीय माध्यमात हे काम जवळजवळ नेहमी पाणीच करते. पाणी काढून घेतल्यावर तीच जागा अल्कोहोल, अमाइन, थायॉल किंवा ऑक्झाइम घेऊ शकतात. झाक्स आणि क्लिबानोव्ह यांनी १९८५ मधील पुढच्या निबंधात हे सगळे करून दाखवले, आणि यांतल्या काही अभिक्रिया पाण्यात नावालाही होत नाहीत, हेही नोंदवले. अभिक्रिया उलटी फिरवण्याची ही कल्पना मुळात जुनीच होती. १९०० मध्येच कॅस्टल आणि लोव्हनहार्ट यांनी लायपेजच्या साहाय्याने ब्युटिरिक आम्ल आणि अल्कोहोल यांपासून एथिल ब्युटिरेट बनवले होते. पण त्यांच्या मिश्रणात पाणी भरपूर होते, म्हणून उत्पन्न तुटपुंजे राहिले.

आता तृतीयक अल्कोहोलांकडे वळू. तृतीयक अल्कोहोलात ज्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, त्याच्याभोवती तीन कार्बन गटांची गर्दी असते. त्याला क्रियाशील केंद्रात शिरायचे तर प्रथिनाने थोडे सरकून जागा करून द्यावी लागते. ओलसर लायपेज तेवढे लवचीक असते, कोरडे नसते. म्हणजे विकर निकामी झालेले नाही, कारण तेच विकर प्राथमिक आणि द्वितीयक अल्कोहोलांवर व्यवस्थित चालते. त्याची जुळवून घेण्याची ताकद तेवढी गेली आहे. कोरड्या माध्यमात घडी उलगडत नसून रेणू ताठरतो, या विधानाला यापेक्षा सुटसुटीत पुरावा मिळणे कठीण होते. पुढे १९९३ मध्ये सबटिलिसिन या विकराच्या स्फटिकांची क्ष-किरण रचना ॲसिटोनायट्राइलमध्ये तपासली गेली, तेव्हा ती पाण्यातील रचनेशी जवळजवळ तंतोतंत जुळली. पाण्याचे ९९ रेणू आपापल्या जागी घट्ट बसलेले होते. ॲसिटोनायट्राइलचे जे १२ रेणू प्रथिनाला चिकटले होते, त्यांपैकी चारच पाण्याला हटवून बसले होते आणि त्या बारांतले एक तृतीयांश क्रियाशील केंद्रात होते.

निवड बदलण्याचे कारण नेहमी विकराचा ताठरपणाच असते, असे मात्र समजू नये. कायमोट्रिप्सिनचे उदाहरण या बाबतीत वेगळे आहे. पाण्यात ते फेनिलॲलानिनच्या एस्टरवर सेरिनच्या एस्टरपेक्षा सुमारे ५०,००० पट प्रभावीपणे काम करते. ऑक्टेनमध्ये क्रम उलटतो आणि सेरिनचे एस्टर सुमारे तीन पट वरचढ ठरते. इथे विकराच्या रचनेत तसा फरक पडलेला नसतो. फेनिलॲलानिनची तेलकट बाजूसाखळी पाण्यातून पळ काढून विकराच्या खळग्यात शिरते आणि त्या पलायनातून बंधाला ऊर्जा मिळते. बाहेर ऑक्टेन असेल तर तिला पळण्याचे कारणच उरत नाही. ती बाहेरही तितकीच सुखात असते. म्हणून विकर कोणाला पसंत करते, या प्रश्नाचे उत्तर निम्मे द्रावकाकडे असते.

वेगाची किंमत

१९८५ च्या निबंधात लायपेजांची सेंद्रिय द्रावकातील क्षमता पाण्यातील क्षमतेच्या तोडीची असल्याचे दिसले. या निष्कर्षावरून सगळ्याच विकरांबद्दल आशा बाळगणे महागात पडते. लायपेज हे मुळातच तेल आणि पाणी यांच्या सीमेवर राबणारे विकर आहे, त्यामुळे तेलकट परिसर त्याला परका नाही. कायमोट्रिप्सिन आणि सबटिलिसिन यांची पाण्यातील आणि ऑक्टेनमधील कार्यक्षमता तोलून पाहिली तर घट दहा हजार ते लाख पटींची भरते.

क्लिबानोव्ह यांनी या घटीची कारणे पुढे वेगवेगळी करून मांडली. सबस्ट्रेट सेंद्रिय द्रावकात आरामात राहतो, म्हणून विकराकडे येण्याची त्याची ओढ कमी होते. अभिक्रियेच्या ऐन मध्यावरील ध्रुवीय संक्रमणावस्थेला आधार द्यायला आजूबाजूला पाणी नसते. ताठरपणाचा उल्लेख वर झालाच आहे. भुकटी द्रावकात विरघळत नसल्याने सबस्ट्रेटला कणांच्या आत झिरपावे लागते, म्हणून कण बारीक असणे आणि मिश्रण जोरात हलवणे आवश्यक ठरते. आणि एक कारण असे की ज्याचा दोष द्रावकाकडे जातच नाही: विकर गोठवून वाळवताना, म्हणजे प्रयोग सुरू होण्याआधीच, त्याची घडी काही अंशी बिघडलेली असते. पाण्यात विरघळवले की ती सुधारते, म्हणून पाण्यातील चाचणीत हा बिघाड कधीच दिसत नाही. कोरड्या द्रावकात मात्र तो तसाच गोठून राहतो. १९९४ मध्ये खमेलनित्स्की, क्लार्क, डॉर्डिक आणि सहकाऱ्यांनी सबटिलिसिन वाळवताना त्यात पोटॅशियम क्लोराइड इतके मिसळले की अंतिम भुकटीत वजनाने ९८ टक्के क्षारच होता, आणि हेक्झेनमधील त्याची कार्यक्षमता सुमारे ३,७५० पटींनी वाढली.

वाळवण्यापूर्वीच्या द्रावणाचा पीएच हाही असाच एक पूर्वेतिहास आहे. कोरड्या द्रावकात प्रोटॉनांची देवाणघेवाण जवळपास थांबते, त्यामुळे शेवटच्या जलीय द्रावणात विकराच्या गटांवर जो विद्युतभार होता तोच पुढे कायम राहतो. १९८५ च्या निबंधात लायपेजची हेक्झेनमधील क्षमता त्या आधीच्या पीएचनुसार घंटेच्या आकाराच्या आलेखात बदलत होती, आणि आलेखाचा माथा पाण्यातील इष्टतम पीएचवरच येत होता. बाजारातून आणलेली भुकटी थेट हेक्झेनमध्ये टाकून ‘विकर चालत नाही’ असा निर्वाळा देणाऱ्याने ती भुकटी कोणत्या पीएचवरून वाळवली आहे हे आधी विचारायला हवे. स्वादुपिंडातील लायपेजच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, कारण बाजारातील स्वस्त भुकटीत इतर एस्टरेज आणि प्रोटिएज विकरांची भेसळ सर्रास आढळते, आणि मग दिसणारी अभिक्रिया नक्की कोणाची, हे सांगणे अवघड होते.

प्रयोगशाळेबाहेर

उद्योगांनी या ज्ञानातले सोयीचे तेवढे उचलले. १०० अंशांवर विकर चालवण्याची गरज क्वचितच भासते. पण पाणी कमी ठेवून अभिक्रियेला हवी ती दिशा देणे, आणि कॅन्डिडा अंटार्क्टिका या यीस्टचे लायपेज ॲक्रिलिक रेझिनवर बसवून पुन्हा पुन्हा वापरणे, हे नेहमीचे झाले. पाम तेलाच्या मधल्या अंशापासून कोको बटरला पर्यायी चरबी बनवताना ग्लिसरॉलच्या एक आणि तीन क्रमांकाच्या स्थानांवरील आम्लेच बदलणारे लायपेज वापरतात. बीएएसएफ कंपनी एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेल्या डाव्या आणि उजव्या अमाइनांचे विलगीकरण लायपेज आणि मेथॉक्सिॲसिटिक आम्लाचे एस्टर वापरून करते. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक गणपती यादव यांच्या गटाने जलविरहित माध्यमातील लायपेजच्या गतिकीवर दीर्घकाळ काम केले आहे. ऑक्टेनॉल आणि व्हिनिल ॲसिटेट यांच्यातील ट्रान्सएस्टरीकरण हे त्यातले एक. व्हिनिल ॲसिटेटपासून सुटणारे अल्कोहोल लगेच ॲसिटाल्डिहाइडमध्ये बदलते, त्यामुळे अभिक्रियेला मागे फिरायला वाट राहत नाही.

बायोडिझेलच्या बाबतीत मात्र अडचण सबस्ट्रेटमध्येच दडलेली असते. तेलाशी अभिक्रिया करायला मेथॅनॉल लागते, आणि तेलात न विरघळलेल्या मेथॅनॉलचे थेंब लायपेजला निकामी करतात. जपानमधील शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लागणारे मेथॅनॉल एकदम न घालता तीन हप्त्यांत घातले. पहिल्या हप्त्यात तयार झालेल्या एस्टरांत पुढचे मेथॅनॉल चांगले विरघळते, म्हणून विकराला ते थेंब भेटतच नाहीत आणि तेच स्थिरीकृत लायपेज पुढच्या खेपांनाही वापरता येते.